दुकानाचा अलार्म अवेळी वाजतो : दोष नेमका कसा शोधायचा?

खानापूरचा दुकानदार
नमस्कार मंडळी. खानापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे, मागं पत्र्याचं गोडाऊन. दोन्हीला मिळून आठ झोनचा वायरवाला अलार्म आहे; झोन म्हणजे अलार्मला वेगळ्या नंबरानं जोडलेली एकेक जागा. दोन पीआयआर, म्हणजे हालचाल ओळखणारे सेन्सर, पुढच्या शटरला आणि मागच्या दाराला चुंबकी सेन्सर, बाहेर हूटर. पावसाळा लागल्यापासून तो रात्री-अपरात्री वाजायला लागलाय. जाऊन बघावं तर कुलपं जागच्या जागी, आत काहीच नाही. बसवून दिलेला माणूस गाव सोडून गेला, फोन उचलत नाही. बाबा म्हणतात, वायरच काढून टाक. मला ते पटत नाही. खरी काळजी वेगळीच आहे. आधी हूटर वाजला की गल्लीतले चार जण काठ्या घेऊन बाहेर यायचे, आता कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. उद्या खरंच कुणी शटर उचकटलं तर?
दोष कुठल्या सेन्सरात आहे ते कसं शोधायचं, आणि दुरुस्तीनंतर सगळं नीट चालतंय याची चाचणी आपली आपण कशी घ्यायची, हे जाणकारांनी सांगावं.

वायरमन अनगोळ
दादा, हूटर वाजून गेल्यावर कीपॅडवर काय दिसतं ते आधी सांगा. बहुतेक पॅनेलात, म्हणजे सगळ्या सेन्सरच्या वायरी जिथं येतात त्या मुख्य पेटीत, अलार्मची मेमरी असते. कोणत्या झोननं हूटर लावला तो आकडा तिथं राहतो, पण सिस्टिम परत लावली की बऱ्याच पॅनेलात तो पुसला जातो. तुम्ही रात्री जाऊन कोड मारता, बंद करता, परत लावून झोपायला येता. पुरावा तिथंच जातो बघा. पुढच्या वेळी परत लावायच्या आधी कीपॅडचा मोबाइलवर फोटो काढा. वेळ किती, लाइट गेली होती का, वारा-पाऊस होता का, हे वहीत लिहून ठेवा. तोवर कशालाही हात लावू नका. सेन्सर बदलला, वायर ओढली, सेटिंग फिरवलं, असं सगळं एकदम केलं की चुकत काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

रानवारा
एक राखणीचा कुत्रा पाळा. त्याला लाइट नको, बॅटरी नको, कोड नको.

निपाणी अण्णा
रानवारा, भाकरीचा तुकडा टाकला की कुत्र्याचाही कोड उघडतो हो. 😀
खानापूरकर, आमच्या तंबाखूच्या वखारीत असंच व्हायचं. कारण निघालं पाल. सेन्सरच्या पाठीमागं वायर आत घ्यायला भोक असतं, ते बसवणारे मोकळंच सोडतात. आतल्या लाल दिव्याला बारीक किडे येतात, किड्यांच्या मागं पाल. पांढऱ्या भिंगाच्या आतल्या अंगाला ती चिकटली की सेन्सरला माणसाएवढी वाटते. कव्हर उघडून खालच्या कडेला बघा. पांढऱ्या टोकाच्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर वेगळा तपास नको. भोक सिलिकॉननं बुजवा, कोळ्याची जाळी ब्रशनं काढा. आतला दिवा बंद करायची पिनही बऱ्याच सेन्सरात असते, तीही काढून टाका.

शहापूरची सून
अण्णा म्हणतात ते अगदी खरं. आमच्या मागाच्या शेडमध्येही पालच निघाली होती.

खानापूरचा दुकानदार
वायरमनदादा, सांगितल्याप्रमाणे नोंदी ठेवल्या. दोन प्रकार दिसतात. लाइट गेली त्या रात्री झोन ३ आणि ४ एकाच वेळी लागले. परवा जोराचा वारा होता, लाइट होती, तेव्हा नुसता झोन ६. तीन नंबर दुकानातला पीआयआर, चार नंबर गोडाऊनमधला, सहा नंबर पुढचं शटर. अण्णा, दोन्ही सेन्सर उघडून बघितले. गोडाऊनवाल्यात जाळी होती, ती काढली, भोकंही बुजवली. पण दोन्हीकडं एकाच वेळी पाल कशी यावी?

वायरमन अनगोळ
झकास नोंद केलीत. आता अर्धं काम झालंच म्हणा. हे दोन वेगळे दोष आहेत, एकाच औषधानं जायचे नाहीत.
आधी ३ आणि ४. पीआयआरच्या आत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच असतो. सेन्सरला वीज मिळतेय आणि समोर सगळं शांत आहे तोवर त्याचे संपर्क जुळलेले असतात. हालचाल दिसली की सुटतात. वीज तुटली तरी सुटतात, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. कुणी वायर कापली तर पॅनेलला कळायला हवं ना! शटरचा नि दाराचा चुंबकी सेन्सर मात्र विजेवर चालतच नाही. म्हणून दोन्ही पीआयआर एकदम बोलले आणि शटर-दार गप्प राहिलं, याचा अर्थ बारा व्होल्टचा पुरवठा क्षणभर खचला. लाइट जाते, भार बॅटरीवर येतो, बॅटरी दमलेली असते, सेन्सर मिटतात आणि हूटर सुरू.
पॅनेलच्या पेटीत खाली काळी बॅटरी असेल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. ती नुसती मीटर लावून तपासू नका. चार्जर चालू असताना मीटर १३.६ ते १३.८ दाखवणारच, तो आकडा चार्जरचा. पॅनेलचा एमसीबी पाडा, अर्धा तास सगळं बॅटरीवर चालू द्या, मग शेजाऱ्यांना सांगून हूटर वाजवा. तो वाजत असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. बाराच्या आसपास टिकली तर ठीक. भराभर उतरून अकराच्या खाली गेली तर नवी आणा. ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते, पत्र्याखालच्या उष्णतेत आणखी कमी. बदलताना लाल-काळी उलटी लागणार नाही याकडं लक्ष ठेवा. पेटीत २३० व्होल्टही आलेले असतात, म्हणून लाइट बंद केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. पेटीच्या झाकणाला टॅम्पर स्विच असेल तर झाकण उघडताच हूटर वाजेल, घाबरू नका.

टिळकवाडी आजोबा
टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, जोडण्या हाच माझा विषय. वायरमन बरोबर सांगतात, फक्त एक पुस्ती. नवी बॅटरी टाकूनही झोन अधूनमधून उघडत असेल तर लूप, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणारी वायर, मोजा. प्रत्येक झोनच्या टोकाला एक रेझिस्टर असतो. काही कंपन्यांचा ५.६ किलोओहम, काहींचा २.२, काहींचा आणखी वेगळा. पॅनेलच्या पुस्तकात दिलेला असतो. ५.६ वाल्यावर हिरवा, निळा, लाल असे पट्टे दिसतील. पॅनेलमधून त्या झोनच्या दोन वायरी सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून मोजा. दार बंद असताना रेझिस्टरएवढा आकडा यायला हवा, उघडल्यावर लूप पूर्ण तुटलेला दिसायला हवा. दार बंद आहे आणि वायर हलवली की आकडा नाचतो, तर जोड सैल. आपल्याकडच्या पावसात नुसती पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड टिकत नाही. टेप सोडवली की आत तांबं हिरवं पडलेलं असतं आणि बोटाला त्याची पूड लागते. तो जोड कापून टाका, डाग द्या (सोल्डर करा), वर आकसणारी नळी चढवा.
आणखी एक बघा. रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला आहे, की बसवणाऱ्यानं सोपं पडतं म्हणून पॅनेलच्या पेटीतच लावलाय? पेटीत असेल तर वाटेत कुणी दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या तरी पॅनेल 'सगळं ठीक' म्हणत राहील. मग दार सताड उघडं ठेवलं तरी हूटर वाजणार नाही. हा दोष आवाज करत नाही, म्हणून तो मला अवेळी वाजणाऱ्या हूटरपेक्षा भयंकर वाटतो.

उद्यमबाग
झोन ६ बद्दल मी बोलतो. आमच्या शेडला तीन शटरं आहेत. शटरला दाराचा लहान चुंबक चालत नाही, तिथं जाड धातूचा, मोठ्या अंतराला चालणारा शटर सेन्सर लागतो. वाऱ्यानं शटर आत-बाहेर फुगतं, चुंबक क्षणभर लांब जातो आणि झोन उघडतो. मधल्या पट्टीवर बसवला असेल तर हे होणारच. सगळ्यात खालच्या पट्टीवर, कुलपाच्या बाजूला, कडेला बसवा. तिथं हालचाल कमी. पट्ट्यांचे मार्ग झिजले असतील तर आधी ते दुरुस्त करा.
आणि एक विनंती. कंटाळून झोन ६ बायपास करून, म्हणजे पॅनेलात तेवढाच बंद करून, ठेवू नका. आमच्या ओळखीतल्या एका गोडाऊनचं शटर असंच बायपास होतं, आणि चोर नेमके तिथूनच आत गेले.

रानवारा
पण वाऱ्यापुरतं झोनची वेळ वाढवता येते ना? पॅनेलमध्ये तसं सेटिंग असतं असं ऐकलंय.

वायरमन अनगोळ
असतं की. झोन किती वेळ उघडा राहिला म्हणजे खरा मानायचा, हे काही पॅनेलात बदलता येतं. पीआयआरमध्ये पल्स काउंटची पिन असते. तिनं एकाऐवजी दोन-तीन वेळा हालचाल दिसल्यावरच सेन्सर बोलतो. पण ढिला चुंबक सेटिंगनं लपवू नये. आधी खिळा-स्क्रू, मग प्रोग्रॅमिंग.

चंदगड रस्ता
थोडं विषयांतर. आमच्या काजूच्या कारखान्यात बिनवायरचा सेट आहे. कामगाराकडून रिमोट हरवला. आता तो कुणाच्या हाती लागला असेल तर?

वायरमन अनगोळ
आजच पॅनेलमधून सगळे रिमोट पुसून उरलेले परत शिकवा, म्हणजे पॅनेलला त्यांची नव्यानं ओळख करून द्या. पॅनेलवर शिकवायचं बटण असतं, काहींत ते बराच वेळ दाबून ठेवलं की जुने सगळे जातात. मात्र साध्या सेटमध्ये रिमोटबरोबर सेन्सरही पुसले जाऊ शकतात. म्हणून आधी पुस्तक वाचा आणि झाल्यावर प्रत्येक सेन्सर एकदा वाजवून बघा.

हिंडलगा
मूळ धाग्याशी जोडलेला एक मुद्दा राहिला. इन्स्टॉलर कोड. वापरणाऱ्याचा चार आकडी कोड वेगळा आणि प्रोग्रॅमिंगमध्ये शिरायचा वेगळा. बरेच बसवणारे हा दुसरा कोड मालकाला सांगतच नाहीत. माणूस गाव सोडून गेला की आपलं पॅनेल आपल्याच भिंतीवर कुलूपबंद! पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली मालकाकडं असायला हवी, यात मला शंका नाही.

वायरमन अनगोळ
तुमचं मान्य, पण दुसरी बाजूही ऐका. कोड दिला की दुकानातला पोरगा सेटिंगमध्ये शिरतो, झोन बंद करतो आणि चोरी झाली की बोल आम्हाला लागतो. मी कोड बंद पाकिटात देतो, पाकिटावर मालकाची सही घेतो. मालकानं ते तिजोरीत ठेवावं.

हिंडलगा
पाकिटाची कल्पना आवडली. पण हे सगळे करत नाहीत, म्हणून मालकांनी बिल देण्याआधीच तीन गोष्टी मागून घ्याव्यात : इन्स्टॉलर कोड, पॅनेलचं पुस्तक, आणि कोणता झोन कुठं याचा हातानं लिहिलेला कागद. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा. आणि कारखान्यातून आलेला कोड तसाच ठेवू नका. तो पुस्तकात छापलेला असतो, कुणालाही सापडतो.

खानापूरचा दुकानदार
माझ्याकडं यातलं काहीच नाही. कोड नसेल तर?

वायरमन अनगोळ
पॅनेल पूर्ण रिसेट करायची रीत पुस्तकात असते. वीज आणि बॅटरी काढून, एखादी पिन जोडून, परत वीज द्यायची असा काहीसा प्रकार, प्रत्येक पॅनेलचा निराळा. पण रिसेट केलं की झोनचे प्रकार, वेळा, फोन नंबर सगळं जातं. काही पॅनेलात बसवणाऱ्यानं रिसेटही कुलूपबंद केलेला असतो, मग बोर्डच बदलावा लागतो. तुमचे दोन्ही दोष बॅटरी आणि शटरचे आहेत, त्याला कोड लागत नाही. आधी ते करा. पावसाळा सरल्यावर सवडीनं रिसेट करून सगळं नव्यानं प्रोग्रॅम करू.

शहापूरची सून
प्रोग्रॅमिंगचं निघालंय म्हणून विचारते. वडगावला सासूबाई एकट्या राहतात. त्यांच्या पलंगाजवळ पॅनिकचं बटण आहे. सिस्टिम बंद असताना दिवसा ते चालतं का?

वायरमन अनगोळ
ताई, ते बटण चोवीस तासांच्या झोनवर घेतलेलं असेल तरच. साध्या झोनवर असेल तर सिस्टिम लावलेली असतानाच बोलेल, म्हणजे दिवसा उपयोग शून्य. सिस्टिम बंद ठेवून एकदा दाबून बघा, लगेच कळेल. पुढच्या दाराला मात्र विलंबाचा झोन हवा. दार उघडल्यावर कोड मारायला ३० ते ४५ सेकंद मिळतात.

टिळकवाडी आजोबा
मी ४५ सेकंदांच्या विरोधात आहे. चोराला तेवढा वेळ पुरतो. २० ठेवा.

शहापूरची सून
आजोबा, सासूबाईंचे गुडघे दुखतात. पायरी चढून, चष्मा शोधून कीपॅडपर्यंत जायला त्यांना २० सेकंद पुरायचे नाहीत. रोज हूटर वाजायला लागला तर त्या सिस्टिम लावायचंच सोडून देतील.

टिळकवाडी आजोबा
हे पटलं. त्यांच्यासाठी ४५ ठेवा, आणि कीपॅड दाराजवळ आणा.

शहापूरची सून
बटण दाबून बघितलं. काहीच वाजलं नाही! इतकी वर्षं आम्ही निर्धास्त होतो. उद्याच माणूस बोलावते. मंडळी, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आजच्या आज बटण दाबून बघा, हात जोडून सांगते.

कोनवाळ गल्ली
फोन जाणारा अलार्म घेतलाय, पण नवं सिमकार्ड टाकल्यापासून कॉलच येत नाही. सिम मोबाइलमध्ये चालतं.

उद्यमबाग
जिओचं टाकलंत का? जुन्या अलार्ममधलं मॉड्यूल टूजीवर चालतं आणि जिओला टूजी नाहीच, फक्त फोरजी आणि त्यापुढचं. टूजी चालणाऱ्या कंपनीचं सिम टाका, नाहीतर फोरजीचं मॉड्यूल घ्या. सिमचा पिन काढून टाका. नंबर +९१ लावून भरा. रिचार्जची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलवर गजर लावून ठेवा, कारण संपलेल्या रिचार्जचा निरोप त्या सिमवर येतो आणि ते सिम पेटीत बंद असतं.

चंदगड रस्ता
आमच्याकडं तर टॉवर कधी कर्नाटकाचा, कधी महाराष्ट्राचा, कधी गोव्याचा. 😀 अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर काढल्यावर कॉल नीट यायला लागले.

भालकीकर
सीमेच्या दुसऱ्या टोकाहून लिहितोय. तुमच्याकडं पाऊस, आमच्या बिदर भागात उन्हाळा. पीआयआर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो. मे महिन्यात बंद गोडाऊन छत्तीस-सदतीस अंशांवर गेलं की तो फरकच उरत नाही आणि माणूस समोरून गेला तरी सेन्सर गप्प. म्हणजे हिवाळ्यात पास झालेला सेन्सर उन्हाळ्यात नापास होऊ शकतो. चाचणी दोन्ही ऋतूंत घ्या. मायक्रोवेव्ह आणि पीआयआर एकत्र असलेला सेन्सर मिळतो, पण त्यातला मायक्रोवेव्ह पातळ भिंतीपलीकडचंही बघतो, त्यामुळं त्याचा पल्ला कमी करून ठेवावा.

वायरमन अनगोळ
भालकीकर, लाख बोललात. त्यात भर घालतो. पीआयआरला आडवं चालणारा माणूस चटकन दिसतो, सरळ त्याच्याकडं चालत येणारा उशिरा. म्हणून तो दारासमोर न लावता कोपऱ्यात, साधारण सात-आठ फुटांवर लावायचा, म्हणजे आत येणारा त्याला आडवा जातो.

खानापूरचा दुकानदार
मंडळी, काम झालं. बॅटरी हूटर वाजताना बघता बघता नऊ व्होल्टवर आली. नवी टाकली, आता तीच चाचणी बाराच्या वर राहते. शटरचा चुंबक मधल्या पट्टीवरच होता आणि त्याचा एक स्क्रू गळून पडलेला. नवा शटर सेन्सर खालच्या पट्टीला बसवला. आजोबांनी सांगितलेला रेझिस्टरही बघितला. मागच्या दाराचा खरंच पेटीतच होता! तो दारापाशी नेला. त्यानंतर लाइट दोनदा गेली, वारं सुटलं, हूटर गप्प आहे. चाचणीचा दिवस गल्लीत आधी सांगून ठेवला होता, तेव्हा शेजारचे काका स्वतः येऊन उभे राहिले. त्यांना आता माहीत आहे की यापुढं वाजला तर तो खरा. बाबांनीच परवा शटर लावताना 'कोड मारलास का' म्हणून विचारलं.
एक शंका. प्रत्येक सेन्सर तपासायला दर वेळी हूटर वाजवावा लागतो का?

वायरमन अनगोळ
नाही. वॉक टेस्ट असते. त्यात हूटर पूर्ण वाजत नाही, प्रत्येक सेन्सरला कीपॅड बारीक बीप देतो. एकानं कीपॅडजवळ थांबायचं, दुसऱ्यानं कोपरान्‌कोपरा चालायचं. गोडाऊनमध्ये माल वाढला की पिंपांच्या मागं आंधळी जागा तयार होते, ती यात सापडते. महिन्यातून एकदा करा. हूटर वर्षातून दोनदा खरोखर वाजवा, तोही दिवसा. वाजण्याची वेळ प्रोग्रॅमिंगमध्ये चार-पाच मिनिटांवर आणा. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तासभर कोकलणारा हूटर शेजाऱ्यांचा अंत बघतो.

निपाणी अण्णा
गणपतीत काय करायचं? विसर्जनाच्या रात्री आमच्या सराफ मित्राच्या तिजोरीचा कंपन सेन्सर डीजेनं वाजतो.

उद्यमबाग
अण्णा, त्याची संवेदनशीलता स्क्रूनं कमी करता येते. मिरवणुकीआधी दुकानासमोर गाडी उभी करून मोठ्यानं गाणं लावा, मग तिजोरीवर मुठीनं ठोका. गाण्याला गप्प आणि ठोक्याला जागा, अशा जागी स्क्रू आणून सोडा.

जोयडा
आमच्याकडं जंगलात लाइट दोन-दोन दिवस नसते. सात अँपिअरची बॅटरी किती तग धरेल?

वायरमन अनगोळ
पॅनेल, कीपॅड आणि दोन पीआयआर मिळून साधारण १५० मिलिअँपिअर धरा. हिशेबानं ७ भागिले ०.१५, म्हणजे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीस तास. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, आणि हूटरला पाच मिनिटं एक अँपिअर द्यावाच लागतो. म्हणून दीड दिवसाच्या पुढं भरवसा ठेवू नका. दोन दिवस लाइट जात असेल तर पॅनेल सोलरच्या इन्व्हर्टरवर घ्या. नुसती मोठी बॅटरी जोडायची असेल तर पॅनेलच्या चार्जरला ती झेपते का ते आधी बघा. पॅनेल कोणतं आहे ते लिहा, पुस्तक माझ्याकडं असेल तर बघून सांगतो.